समज्जा, जलसा आणि जयंती : वारणाकाठच्या गावांच्या निमित्ताने एक समीक्षा

चैत्र आणि वैशाख हे कोल्हापूर जिल्ह्यात वाद्यांचे महिने होत. चैत्री पौर्णिमेस जोतिबाच्या डोंगरावर गावोगावच्या सासनकाठ्या हलगी, पिपाणी आणि सनईच्या घोषात चढतात. त्याच सुमारास १४ एप्रिलची जयंती येते, आणि त्यानंतर काही आठवड्यांनी वैशाखी पौर्णिमा. पन्हाळा तालुक्यातील कोडोली हे वारणेच्या खोऱ्यातील मोठे गाव. त्याच्या एका अंगाला जोतिबा व पन्हाळ्याचे डोंगर, दुसऱ्या अंगाला वारणा नदी आणि नदीपलीकडे सांगली जिल्ह्यातील वाळवे-शिराळ्याचा मुलूख. या पट्ट्यातील गावांना वाद्याचा सराव फार जुना आहे. म्हणूनच आज महाराष्ट्रातील बहुतेक विहारांत ऐकू येणारा एक वाद या गावांच्या निमित्ताने तपासून पाहावा, असे आम्हांस वाटते.

वादाचे दोन पक्ष आहेत. पहिला पक्ष म्हणतो की बुद्धाने नृत्य-गीत-वादनाचा त्याग सांगितला आहे, म्हणून जयंतीत व विहारात वंदना आणि प्रवचन यांपलीकडे काही असू नये. दुसरा पक्ष म्हणतो की जयंती हा आमच्या मुक्तीचा उत्सव आहे, तो जितका मोठ्या आवाजात होईल तितका बरा, आणि त्यावर आक्षेप घेणारे आमच्या आनंदावर आक्षेप घेत आहेत. दोन्ही पक्षांत प्रामाणिक माणसे आहेत. परंतु आमच्या मते दोन्ही पक्ष एक मूळचा प्रश्न विसरतात. वाद्य वाजले, गाणे झाले, लोक जमले. पण त्यामुळे कोण कोणाशी जोडले गेले? प्रस्तुत लेखात आम्ही हाच एक निकष धरून धम्मग्रंथ, जलशाचा इतिहास आणि आजची जयंती या तिहींकडे पाहणार आहोत.

धम्मग्रंथ काय सांगतात?

प्रथम पहिल्या पक्षाचा आधार पाहू. नृत्य, गीत, वादन व तमाशे पाहणे यांपासून विरतीचे शील हे उपोसथाच्या अष्टशीलांत आणि श्रामणेरांच्या दशशीलांत येते. गृहस्थाच्या नित्य पंचशीलांत ते नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांतही संगीताविषयी कोणताच निषेध नाही. तेव्हा उपासकाने उपोसथाच्या दिवशी स्वेच्छेने पाळावयाचा संयम सर्व दिवसांसाठी व सर्व समाजासाठी कायदा म्हणून लादणे शास्त्राला धरून होत नाही. बाबासाहेबांनी स्वतः उत्तर आयुष्यात व्हायोलिन शिकण्यास आरंभ केला होता, हेही या संदर्भात ध्यानी ठेवावे.

दीघनिकायातील सक्कपञ्हसुत्त हे या बाबतीत फार बोलके आहे. इंद्रसाल गुहेत भगवान ध्यानस्थ असताना पञ्चसिख गंधर्व आपली बेलुवपण्डु वीणा घेऊन येतो आणि गातो. त्याच्या गाण्यात बुद्ध आणि अर्हत यांचे स्मरण आहे, तसेच आपल्या प्रेयसीविषयीची ओढही आहे. भगवान त्यास दटावीत नाहीत. तारेचा स्वर आणि कंठाचा स्वर एकमेकांशी जुळला, कोणी कोणाच्या वरचढ झाला नाही, याची ते दाद देतात. या गुहेचे दृश्य प्राचीन शिल्पकारांनी पुनःपुन्हा कोरले, यावरून आरंभीच्या उपासकांना ते किती प्रिय होते हे कळते. महाराष्ट्रातही औरंगाबादच्या सातव्या लेण्यातील नर्तकी आणि तिच्याभोवतीच्या वादक स्त्रिया आपण पाहतो. ज्या परंपरेने गर्भगृहाशेजारी वाद्ये कोरली, ती परंपरा वाद्यद्वेष्टी होती असे म्हणता येणार नाही.

पण दुसऱ्या पक्षानेही एवढ्यावर हुरळून जाऊ नये. संयुत्तनिकायात तालपुट हा नटांचा प्रमुख भगवंतांकडे येतो आणि रंगमंचावर लोकांना हसविणारा नट मरणोत्तर हास्यदेवांच्या लोकी जातो काय, असे विचारतो. भगवान दोनदा उत्तर टाळतात. तिसऱ्यांदा ते स्पष्ट सांगतात की लोकांच्या ठायी आधीच असलेले राग, द्वेष व मोह जो आणखी भडकवितो, त्याची गती वाईट आहे. तालपुट रडतो. मात्र तो पुढे प्रव्रज्या घेतो, अर्हत होतो, आणि थेरगाथेतील एक दीर्घ व उत्कट काव्य त्याच्याच नावावर आहे. आम्हांस या कथेचा अर्थ असा वाटतो की नटाची वाणी तशीच राहिली, तिची दिशा मात्र पालटली.

विनयपिटकातील चुल्लवग्गात लांबलचक आलाप घेऊन धम्म गाण्याचे पाच दोष सांगितले आहेत. गाणारा स्वतःच्याच स्वरात गुंततो, ऐकणारेही स्वरातच गुंततात, हे त्यांतील पहिले दोन. परंतु लगेच पुढे सरभञ्ञ, म्हणजे स्पष्ट शब्दांत स्वरासहित पठण करण्यास अनुज्ञा आहे. सोण कुटिकण्ण याने अट्ठकवग्ग असेच स्वरात म्हटले तेव्हा भगवंतांनी त्याची प्रशंसा केली. म्हणजे स्वराने शब्दाला खाऊ नये, एवढीच मर्यादा आहे. ही मर्यादा पुढे आपल्याला फार उपयोगी पडणार आहे.

आणि शेवटी महापरिनिब्बानसुत्त. त्यात तीन गोष्टी एकत्र येतात. वज्जी लोक जोवर वारंवार एकत्र जमतात, एकमताने बसतात आणि एकमताने उठतात तोवर त्यांची हानी होणार नाही, असे भगवान सांगतात. पुढे शालवृक्षांखाली त्यांच्या सन्मानार्थ दिव्य वाद्ये वाजतात तेव्हा ते म्हणतात की ही तथागताची खरी पूजा नव्हे. धम्मानुसार वागणे ही खरी पूजा होय. आणि परिनिर्वाणानंतर कुसिनाऱ्याचे मल्ल सहा दिवस नृत्य, गीत, वाद्य व माला यांनी त्यांच्या देहाचा सत्कार करतात. ग्रंथ त्याबद्दल मल्लांना दोष देत नाही. एकत्र जमणे हे समाजाच्या टिकण्याचे कारण, गीत-वाद्य हे त्या जमण्याचे स्वाभाविक रूप, पण आचरण हीच त्याची कसोटी, असा हा क्रम आहे.

सम्राट अशोकाने तोच क्रम राज्यकारभारात आणला. गिरनारच्या पहिल्या शिलालेखात तो समाज म्हणजे उत्सवी मेळावे निषिद्ध ठरवितो, त्यांत पुष्कळ दोष दिसतात असे सांगतो. आणि त्याच लेखात काही समाज मात्र चांगले मानले आहेत, असेही नमूद करतो. चौथ्या लेखात भेरीचा घोष धम्माचा घोष झाल्याचे सांगून तो लोकांना दाखविलेल्या विमानांच्या, हत्तींच्या व अग्निस्कंधांच्या देखाव्यांचा उल्लेख करतो. भेरी फोडून टाका असे तो म्हणत नाही. आठव्या लेखात विहारयात्रेच्या, म्हणजे मृगयेच्या व मौजेच्या सफरींच्या जागी धम्मयात्रा आल्याचे तो सांगतो : श्रमण-ब्राह्मणांची भेट, वृद्धांना दान, जनपदातील लोकांचे दर्शन, धम्माची विचारपूस. या आठव्या लेखाचा तुकडा आपल्या महाराष्ट्रात सोपारा येथे १८८२ साली सापडला, आणि मंगलकार्यांची चिकित्सा करणाऱ्या नवव्या लेखाचा तुकडा त्याच परिसरात १९५६ साली मिळाला. मिरवणूक कशासाठी काढावी याचे उत्तर आपल्या समुद्रकिनाऱ्यावरच कोरलेले होते, असे म्हणावयास हरकत नाही.

वाजविणारे हात आणि वेशीबाहेरचे घर

गावातील यात्रा, उरूस, लेझीम आणि पालखी यांनी गाव एक होते, असे समाजशास्त्राच्या पुस्तकांतून व सत्कार-समारंभांतील भाषणांतून नेहमी सांगितले जाते. ते सर्वस्वी खोटे नाही. पण आम्हांस विचारावयाचे आहे की या एकत्वात वाजविणारा कोठे उभा होता? जुन्या गावगाड्यात हलगी, ढोल आणि सनई वाजविण्याचे काम मातंग, होलार यांसारख्या जातींकडे वतनाने व रूढीने लागलेले होते; महारांकडे दवंडीपासून मेलेली जनावरे ओढण्यापर्यंतची कामे होती. ज्याच्या वाद्यावाचून देवाची पालखी हलत नसे, त्याला देवळाच्या पायरीवर चढता येत नसे. त्याचा ताल सर्वांना चालत होता, त्याचा स्पर्श चालत नव्हता. अशा संगीताने गाव बांधले जाते हे खरे. पण दोरीने बांधणे वेगळे आणि मैत्रीने बांधणे वेगळे.

छत्रपती शाहू महाराजांनी हे ओळखले होते. १९१८ साली कोल्हापूर संस्थानात त्यांनी महार वतने रद्द केली; उर्वरित मुलखात ही सक्तीची वतने कायद्याने जाण्यास १९५८ साल उजाडावे लागले. धर्मांतरानंतर बौद्ध झालेल्या असंख्य वस्त्यांनी ही गावकीची कामे सोडली. ती सोडल्याबद्दल पाणी, किराणा आणि मजुरी बंद करण्याचे बहिष्कार महाराष्ट्रात ठिकठिकाणी घडले. तेव्हा आमच्या माणसांनी वाद्य खाली ठेवले ते संगीताचा कंटाळा आला म्हणून नव्हे. ते वाद्य मागून वाजवावे लागत होते. त्यांना ते स्वतःहून वाजवावयाचे होते.

कोडोलीच्या परिसरात या प्रश्नाला आणखी दोन बाजू आहेत. येथे अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचे केंद्र होते. या मिशनच्या मुलखात ख्रिस्ती झालेल्यांत अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींतील कुटुंबे मोठ्या संख्येने होती. मराठी ख्रिस्ती मंडळ्यांनी केवळ विलायती चालींवर भागविले नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी अभंग आणि कीर्तन यांना ख्रिस्ती उपासनेत आणले आणि ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहातून ही मराठी पदे घरोघर गेली. ज्यांना देवळात टाळ धरता येत नव्हता त्यांनी उपासनेत सर्वांसह उभे राहून गायिले, ही गोष्ट लहान नाही. एकत्र गाण्याने प्रतिष्ठा मिळते, हे आमच्या शेजाऱ्यांनी आमच्या आधी अनुभवले होते. बौद्ध अभ्यासकांनी हा इतिहास परका मानू नये.

दुसरी बाजू कोडोलीला लागूनच असलेल्या वारणानगरची. सहकारी साखर कारखान्याभोवती वाढलेल्या या वसाहतीत तात्यासाहेब कोरे यांच्या पुढाकाराने ग्रामीण मुलांचा वारणा बालवाद्यवृंद उभा राहिला आणि त्याचे नाव दूरवर गेले. उसाच्या पैशातून जसा दूधसंघ निघू शकतो तसा वाद्यवृंदही निघू शकतो, ही कल्पना त्यामागे होती. जातीने नेमून दिलेले वाद्य मुलाने शिकून घेतलेले वाद्य होऊ शकते, हे त्या वाद्यवृंदाने दाखविले. वाद्याला जात नसते. वाजविण्याच्या सक्तीला असते.

जलसा : प्रश्न विचारणारे संगीत

या पार्श्वभूमीवर जलशाचे मोल कळते. महात्मा फुले यांच्या विचारांतून निघालेल्या सत्यशोधक चळवळीने तमाशाचा सांगाडा घेतला आणि त्यात नवा जीव घातला. ओतूरचे भीमराव महामुनी आरंभीच्या जलसाकारांत गणले जातात. कोल्हापुरात १९११ साली सत्यशोधक समाजाची स्थापना झाली, शाहू महाराजांचा पाठिंबा मिळाला, आणि पुढील दशकात कोल्हापूर-सातारा भागातील खेडीपाडी जलशांनी जागी झाली. मार्च १९२० मध्ये माणगाव येथे डॉ. आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली आणि २२ मार्च रोजी शाहू महाराज तेथे स्वतः उपस्थित राहिले. ती परिषद ज्या मुलखात भरली त्या मुलखाचे कान जलशांनी आधीच तयार केले होते, असे आमचे मत आहे.

आंबेडकरी जलसा त्यापुढचे पाऊल होय. १९३० नंतरच्या दशकात नाशिककडील भीमराव कर्डक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो उभा केला. ‘आंबेडकरी जलसे : स्वरूप व कार्य’ हे कर्डकांचे पुस्तक आजही या विषयाचे मूळ साधन आहे. तमाशाचा क्रम गण, गौळण, बतावणी, वग असा. जलसाकारांनी गणातील देवस्तुती बदलली, गौळणीला व नाच्याला फाटा दिला, आणि बतावणीतील सवाल-जवाब मात्र पुरेपूर राखला. हा फेरफार समीक्षकाने बारकाईने पाहावा. त्यांनी जे टाकले ते राग आणि मोह वाढविणारे होते. जे ठेवले ते विचार वाढविणारे होते. तालपुटाला मिळालेले उत्तर जलसाकारांनी वाचलेले असो वा नसो, त्यांनी ते अंमलात आणले.

महाडच्या सत्याग्रहाच्या काळात पठ्ठे बापूरावांनी आपल्या तमाशाच्या उत्पन्नातून निधी देऊ केला असता बाबासाहेबांनी तो स्वीकारला नाही, ही हकीकत प्रसिद्ध आहे. स्त्रियांना नाचवून मिळविलेला पैसा मुक्तीच्या कार्यात नको, हा त्यामागचा विचार होता. परंतु त्याच बाबासाहेबांनी जलशाला जवळ केले. आपल्या दहा सभांच्या तोलाचा एक जलसा होतो, अशा आशयाचे त्यांचे उद्गार कार्यकर्ते पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. ही तफावत विसंगती नव्हे. कला कोणाच्या अपमानावर उभी आहे आणि कोणाच्या मानासाठी उभी आहे, हा त्यातला भेद आहे. येथे एक पुस्ती जोडणे मात्र आवश्यक आहे. तमाशातील स्त्रिया याही बहुधा आमच्याच वस्त्यांतील होत्या. जलशाने त्यांना रंगमंचावरून दूर केले, पण दुसरी सन्मानाची जागा लवकर दिली नाही. स्त्रियांच्या भूमिकाही पुष्कळदा पुरुषांनीच केल्या. सुधारणेच्या या त्रुटीची चर्चा आपल्याकडे पुरेशी झालेली नाही.

जलशाने वस्ती कशी बांधली? आम्हांस त्याची चार कारणे दिसतात. एक, कलावंत हे वस्तीतलेच होते : गिरणीकामगार, शेतमजूर, शाळामास्तर. दिवसा काम करून रात्री गॅसबत्तीच्या उजेडात उभा राहणारा माणूस श्रोत्यांना परका नव्हता. दोन, त्यात सवाल होता. लग्नात कर्ज का काढतोस, मुलीला शाळेत का घालत नाहीस, मेलेल्या जनावराचे मांस का खातोस, असे प्रश्न विनोदाच्या आडून विचारले जात आणि दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर त्यांचीच चर्चा होई. तीन, जलसा बोलाविण्यासाठी वस्तीला वर्गणी काढावी लागे, पाहुण्यांच्या भाकरीची वाटणी करावी लागे, जागा झाडावी लागे. हे काम म्हणजेच संघटनेचे पहिले शिक्षण. चार, शेजारच्या गावचे लोक येत आणि विखुरलेल्या वस्त्यांना आपण एकटे नाही हे कळे. वज्जींच्या सात नियमांतला पहिला नियम असा आमच्या माळरानावर पाळला गेला.

वारणेच्या पलीकडे वाळवे तालुक्यातील वाटेगाव हे अण्णाभाऊ साठे यांचे गाव. १९४४ साली त्यांनी अमर शेख व द. ना. गवाणकर यांच्यासह लाल बावटा कलापथक काढले. त्यांनीही तमाशातील गण आणि गौळण यांची जुनी मांडणी मोडून लोकनाट्य घडविले. अण्णाभाऊ मार्क्सवादाकडून आले, कर्डक आंबेडकरी चळवळीतून. एक मातंग घरातला, दुसरा महार घरातला. पण दोघांनी एकच वाद्यमेळ हाती घेतला. आज १४ एप्रिल आणि १ ऑगस्ट या दोन जयंत्या पुष्कळ ठिकाणी दोन वस्त्यांच्या, क्वचित परस्परांकडे पाठ फिरविलेल्या जयंत्या झाल्या आहेत. वारणाकाठच्या गावांना तरी ही फाळणी शोभत नाही.

गीतगायन : गुण आणि दोष

स्वातंत्र्योत्तर काळात जलशाची जागा गीतगायनाने आणि कव्वालीच्या सामन्यांनी घेतली. वामनदादा कर्डक यांनी हजारो गीते लिहिली आणि ती गात महाराष्ट्र पायाखाली घातला. २००४ साली त्यांचे निधन झाले. प्रल्हाद शिंदे यांचा आवाजही त्याच वर्षी निमाला. विठ्ठल उमप यांना २६ नोव्हेंबर २०१० रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर, रंगमंचावरच मृत्यू आला. या मंडळींनी जे केले ते विद्यापीठांनाही जमले नसते. ज्यांच्या घरी पुस्तक नव्हते त्यांच्या घरी इतिहास पोहोचला. महाड, काळाराम मंदिर, पुणे करार, येवल्याची घोषणा हे शब्द निरक्षर माणसाच्या तोंडी आले ते गीतांमुळे.

पुरुषांच्या या फडाबाहेर स्त्रियांची जात्यावरची ओवी चालू होती. हेमा राईरकर व गी प्वातव्हाँ यांनी ग्रामीण महाराष्ट्रातून जमविलेल्या लाखभर ओव्यांत बाबासाहेब, रमाई आणि बुद्ध यांच्याविषयीच्या ओव्यांचा मोठा ठेवा आहे. व्यासपीठ नाही, ध्वनिवर्धक नाही, मानधन नाही, तरीही दोन बायका जात्याला बसल्या की त्यांची एक सभा भरत असे. समाज बांधणाऱ्या संगीताचे यापेक्षा शुद्ध उदाहरण आम्हांस सापडत नाही.

तथापि समीक्षकाने दोषांवर पांघरूण घालू नये. भीमगीतांत कालांतराने तीन दुखणी शिरली. पहिले म्हणजे स्तुतीचा अतिरेक. भीम हा पुरुषार्थाचा आदर्श न राहता चमत्कार करणारा दाता होऊ लागला. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी राजकारणातील भक्ती अधोगतीकडे नेते असा इशारा दिला होता. तो इशारा त्यांच्याच गीतांत हरवावा हे दुःखद आहे. दुसरे, चित्रपटाच्या चालींचे दास्य. प्रचलित चाल घेतली की श्रोता चटकन गातो, हा लाभ खरा. पण चाल ओळखीची झाली की शब्दाकडे कान राहत नाही. स्वराने शब्दाला खाऊ नये, हा विनयाचा नियम येथे मोडतो. तिसरे, सवालाचा लोप. जलसा श्रोत्याला दोष दाखवीत असे. ध्वनिफितींच्या काळापासून गीत बहुधा श्रोत्याला खूष करू लागले.

डॉल्बीची भिंत

आणि मग आली ती भिंत. कोल्हापूर-सांगलीकडे तिला सरसकट डॉल्बी म्हणतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर रचलेले ध्वनिवर्धक, पुढे नाचणारी तरुण मुले, दारांच्या काचांची थरथर. गणेशोत्सव, लग्न, निवडणुकीचा विजय, जयंती, सर्वत्र हीच भिंत. तेव्हा केवळ जयंतीच्या डॉल्बीवर बोट ठेवणाऱ्यांचा हेतू आम्ही तपासून घेऊ. पण हेतू तपासला म्हणून प्रश्न मिटत नाही.

तरुणांचे म्हणणे आधी न्याय्य रीतीने मांडू. ते म्हणतात, आमच्या आजोबाला ज्या रस्त्याने पायात वहाण घालून जाता येत नव्हते त्या रस्त्याने आम्ही वाजत-गाजत जातो. हा आवाज म्हणजे आमची उपस्थिती आहे. यात सत्य आहे. पुण्यात जनार्दन सदाशिव रणपिसे यांनी १९२८ साली जयंतीची सार्वजनिक मिरवणूक काढली तेव्हाही रस्त्यावर येणे हाच अर्थ होता. भीमगीताचा साधा स्वरही काहींना खुपतो, हेही विसरता येणार नाही. २०१५ साली शिर्डी येथे मोबाइलमध्ये भीमगीताची धून वाजल्यावरून एका तरुणाला जिवास मुकावे लागल्याचे वृत्त महाराष्ट्राने वाचले आहे. ज्या समाजाला गप्प बसविण्याचा इतका दीर्घ इतिहास आहे त्याला आवाज कमी करा असे सांगताना शब्द जपून वापरले पाहिजेत.

तरीही आमचे म्हणणे असे की डॉल्बी हा आपला आवाजच नव्हे. तो भाड्याचा आहे. त्यात वस्तीतील एकाही माणसाचा कंठ नाही, एकाही मुलाची बोटे नाहीत. वर्गणी वस्तीतून गोळा होते आणि एका रात्रीत बाहेरच्या मालकाकडे जाते. त्या भिंतीपुढे म्हातारी माणसे, आजारी, तान्ही मुले आणि परीक्षेला बसलेली मुले टिकू शकत नाहीत. पुष्कळ बायका मुलींना घेऊन मागे राहतात. म्हणजे ज्यांच्यासाठी जयंती, त्यांतील निम्मेअधिक जयंतीतून वजा होतात. जलशात माणसे एकमेकांचे बोलणे ऐकत. डॉल्बीपुढे शेजारच्याचेही ऐकू येत नाही. जमाव असतो, सभा नसते. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, आणि रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिवर्धकांस बंदी आहे. संविधानाच्या शिल्पकाराच्या जयंतीत कायदा मोडावा लागावा, आणि मग पोरांवर गुन्हे दाखल होऊन त्यांची नोकरी अडावी, यात कोणाचा विजय आहे? अशा वेळी भिंतीचा मालक भाडे घेऊन निघून गेलेला असतो. कज्जा वस्तीच्या वाट्याला येतो.

निकष आणि निष्कर्ष

येथवरच्या विवेचनातून आम्ही काही निकष सुचवितो. कार्यक्रमात वस्तीतील किती माणसांनी स्वतः गायिले वा वाजविले? त्यात स्त्रिया आणि वृद्ध शेवटपर्यंत बसू शकले काय? गीतातील शब्द ऐकू आला काय, आणि त्यात एखादा तरी प्रश्न आमच्यासाठी होता काय? शेजारच्या वस्तीला, मग ती मातंगांची असो, ख्रिस्ती असो, मराठ्यांची असो वा मुसलमानांची, बोलावणे गेले काय? वर्गणीतून दुसऱ्या दिवशी काही उरले काय : एखादी पेटी, ढोलकी, वाचनालयातील पुस्तके? या प्रश्नांची उत्तरे होकारार्थी आली तर तो अशोकाने साधू मानलेला समाज होय. नकारार्थी आली तर कितीही निळे झेंडे लावले तरी तो केवळ गोंगाट होय.

उपायही फार दूरचे नाहीत. डॉल्बीच्या एका रात्रीच्या भाड्यात वस्तीला चार वाद्ये घेता येतील, आणि ती अनेक वर्षे टिकतील. विहारात आठवड्यातून एक संध्याकाळ मुलामुलींना ढोलकी, हलगी, पेटी आणि बासरी शिकवावी. हलगी हे आपल्या गुलामीचे चिन्ह होते म्हणून ती टाळावी असे काहींना वाटते. आमच्या मते सक्ती गेली आहे, आता ती शिकून घेतलेल्या हातांनी वाजवावी, आणि ती शिकविण्यासाठी शेजारच्या वस्तीतील जाणत्या वादकाला गुरू म्हणून मानाने बोलवावे. एवढ्या एका कृतीने दोन वस्त्यांमधील अंतर जितके कमी होईल तितके दहा ठरावांनी होणार नाही. आजी-पणजीच्या ओव्या टिपून घ्याव्यात आणि वैशाखी पौर्णिमेस त्यांच्याच तोंडून म्हणवून घ्याव्यात. जलशाचा सवाल-जवाब पुन्हा सुरू करावा. आजचे सवाल वेगळे आहेत : लग्नातील हुंडा आणि कर्ज, दारू, पोटजात, शिक्षण अर्धवट सोडणारी मुले, शेतात राबूनही नाव नसलेली स्त्री. शाहिराला विषय कमी पडणार नाहीत.

कोल्हापूरच्या बिंदू चौकात ९ डिसेंबर १९५० रोजी भाई माधवराव बागल यांच्या पुढाकाराने महात्मा फुले आणि डॉ. आंबेडकर यांचे पुतळे उभे राहिले. बाबासाहेब तेव्हा हयात होते. त्या पुतळ्यांचे अनावरण कोणा बड्या पाहुण्याच्या हस्ते न होता सामान्य माणसांच्या हातून झाले, ही आठवण जिल्ह्याने अभिमानाने जपली आहे. ज्या जिल्ह्याने पुतळ्यासाठी भाड्याचा मोठा माणूस आणला नाही, त्या जिल्ह्याने गाण्यासाठी भाड्याचा आवाज का आणावा?

सोण कोळिविस या भिक्षूला भगवंतांनी वीणेच्या तारेचा दाखला दिला होता. तार फार ताणली तर स्वर बिघडतो, फार सैल सोडली तरी बिघडतो. संगीतच नको म्हणणाऱ्यांनी तार ताणली आहे, गोंगाटालाच उत्सव मानणाऱ्यांनी ती सैल सोडली आहे. वारणाकाठच्या वस्त्यांना ती समतेवर आणता येईल. वाद्ये त्यांच्याजवळ आहेत, कंठ आहेत, आणि शाहू-फुले-आंबेडकरांचा वारसाही आहे. येत्या जयंतीच्या वर्गणीची पहिली बैठक बसेल तेव्हा हा विषय तिच्यापुढे यावा, एवढीच या लेखामागची आमची अपेक्षा आहे.